एकोणऐंशी घातलं

अख्ख्या म्हैसुरात माझ्याइतकी सरळ वायर कुणी ओढत नाही. त्या वायरीतून पुढं काय जातं ते मात्र मला आजवर नीट कळलेलं नाही.

शाळेत मी चौथीपर्यंत बसलो. शिकलो असं म्हणवत नाही, बसलो. आमचं घर शिंप्याचं. आमचे लोक म्हैसूरला कधी आले, कुठल्या राजाच्या अंगरख्यासाठी आले, हे घरातला जो तो आपल्या सोयीनं सांगतो. मला एवढंच माहीत, की घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कन्नड. अप्पानं मला मशीनवर बसवून बघितलं. पहिल्याच दिवशी मी कापडाऐवजी बोटाला काज पाडलं. अप्पा बोट बांधत म्हणाला, "तुझ्या हातात सुई नको बाबा. लोकांना ते अंगावर घालायचं असतं."

मग केबल टीव्हीवाल्याची शिडी धरली, मग कॅमेऱ्याच्या वायरी, मग इंटरनेटच्या. कमांड मारायलाही शिकलो. इंग्रजी येत नाही, पण कमांड ही वाचायची वस्तूच नव्हे. ती रांगोळीसारखी हातात बसवायची. 'नो शटडाऊन'चा अर्थ मला कुणी सांगितला नाही. ते मारलं की हिरवा दिवा लागतो. अष्टे, संपलं.

बेळगोळच्या बाजूला, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर शर्टाची एक मोठी फॅक्टरी आहे. तिथं मी वायरीच्या कॉन्ट्रॅक्टवर जायचो. काम असलं की बोलवायचे, नसलं की नाही. तिथं बायकांच्या रांगाच्या रांगा शिवायला बसतात, पण "टेलर" म्हणून हाक आली की वळून बघायचो मी एकटा. मी शिंप्याच्या घरचा हे कळल्यावर मेंटेनन्सच्या हेडनं ते नाव ठेवलं. ज्याला गुंडी लावता येत नाही त्याला टेलर. मला आवडायचं ते नाव. लोक हसायचे, आणि लोक हसले की मला काहीतरी काम केल्यासारखं वाटतं.

माझी बायको त्याच फॅक्टरीत, आत, कॉलरच्या लाइनीत. ती खरी टेलर. लग्नानंतर अप्पानं तिचा टाका भिंगाखाली धरून बघितला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझ्यामुळं नाही, पण घराण्याचं नाव राहिलं." कॉलर उलटवायची, टोक काढायचं, दाबून टीप मारायची. शर्ट कुठल्याही देशात जावो, लोक पहिल्यांदा बघतात ती कॉलर. ते करून करून तिचा उजवा खांदा गेला. वेणी घालताना हात वर जाईना. डॉक्टर म्हणाला, मशीन सोडा.

सोडायचं कसं? फॅक्टरीत जो कायम असतो त्याच्या नावावर दवाखान्याचं कार्ड असतं, आणि त्या कार्डावर अख्खं घर उभं राहतं. आमच्या मुलीला फिट येतात. तिच्या गोळ्या त्या कार्डावर. कार्ड बायकोच्या नावावर. माझ्या नावावर फॅक्टरीत काय होतं? एक शिडी, तीही त्यांचीच.

मी कायम झालो असतो तर कार्ड माझ्या नावावर आलं असतं आणि ती मशीनवरून उठली असती. एवढीच गोष्ट. त्यासाठी आम्ही दोघं देवाला काय काय बोललो ते सांगत नाही, देवालाही संकोच वाटेल. ती मात्र एकदा भाकरी थापता थापता, डाव्या हातानं, म्हणाली होती, "मी सुटले ना, की एका बुधवारी तलकाडला जाणार. रविवारी नाही. सगळं जग कामावर असेल तेव्हा. तिथल्या कावेरीकाठच्या वाळूत पाय घालून सुम्ने बसणार."

सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या घरात 'उगीच' हा शब्द कुणी वापरत नाही, सुम्नेच. मराठीतले असे बरेच शब्द आमच्याकडून वाटेत कुठंतरी सांडलेत. पुढं जे झालं ते त्यातल्याच काही सांडलेल्यांमुळं झालं.

फॅक्टरीत नवे स्कॅनर आले. आधी प्रत्येक लाइनीच्या टोकाला वायरवाला स्कॅनर असायचा. आता हातात धरायचे, बिनवायरीचे, प्रत्येक टेबलाला एक. बाईनं गठ्ठा शिवून संपवला की गठ्ठ्यावरची चिठ्ठी स्कॅन करायची, की लाइनीच्या डोक्यावरच्या बोर्डावर आकडा वाढतो. त्यासाठी छताला वायफायची पांढरी गोल यंत्रं लावायची होती. ती मी लावली. बायका मान वर करून बघायच्या. एक म्हणाली, कॅमेरा आहे, पदर नीट घ्या. दुसरी म्हणाली, कॅमेरा कसला, तट्टे इडली आहे ती. इकडं ताटलीएवढी चपटी इडली मिळते ना, अगदी तशी. त्या दिवसापासून मी छताला इडल्या चिकटवणारा झालो.

इडल्या लावणं सोपं. अवघड होतं ते खाली, स्विचमध्ये. त्यात व्हीलॅन करायचे होते. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला सिनेमातला व्हिलन वाटला होता, आणि आता वाटतं की पहिला अंदाजच बरोबर होता. पण समजायला सोपं आहे. कटिंगमध्ये एका ताग्यातल्या तुकड्यांना एकच नंबर चिकटवतात, म्हणजे एका शर्टाची बाही दुसऱ्या शर्टाच्या पाठीला लागत नाही. तसंच हे. वायर एकच, पण ऑफिसचा माल एका नंबरनं जातो, स्कॅनरचा दुसऱ्या, पाहुण्यांच्या मोबाइलचा तिसऱ्या. स्विच हा दारावरचा वॉचमन. त्याला जे नंबर सांगून ठेवाल तेवढेच तो सोडणार. बाकीचे आले की तिथंच टाकून देणार. ओरडणार नाही, कुणाला सांगणार नाही.

स्विचला आजवर मी हात लावला होता तो कुणीतरी शेजारी उभं असताना. या वेळी मेंटेनन्सचा हेड मॅनेजरकडं जाऊन म्हणाला, "सार, हे टेलर करू दे. जमलं तर त्याला कायम घेऊन टाकू. रोज बाहेरून माणूस कशाला?" मॅनेजर म्हणाला, "बघू." मॅनेजरनं 'बघू' म्हणणं म्हणजे दुसऱ्यानं हार घालणं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको हात धुऊन उठली. जाऊन देवापुढं आणखी एक वात लावली.

काम रविवारी करायचं होतं, मशीनं बंद असताना. ज्या कंपनीच्या इडल्या, तिचा इंजिनियर पुण्यात बसून फोनवर सांगणार. त्याला तिकडून इडल्या दिसायच्या, त्या तो स्वतःच लावणार. आमचा स्विच त्याला दिसत नव्हता, कारण फॅक्टरीचा नियम, स्विचला बाहेरून कुणी हात लावायचा नाही. म्हणून तो बोलणार आणि मी टाइप करणार.

मी कन्नडात सुरुवात केली. तो इंग्रजीत. दोघंही स्वल्प वेळ एकमेकांना दगडासारखे लागलो. मग माझ्या तोंडून निघालं, "अय्यो देवा, कुणाशी गाठ पडली."

तिकडून एकदम, "अहो, तुम्ही मराठी?"

"मग काय तर. घरी मराठीच."

"म्हैसूरला? अरे वा. आणि मी इतका वेळ इंग्रजी झाडतोय. बोला ना मग मराठीत, दादा."

"हो सार."

"सार काय म्हणता, सार आम्ही भातावर ओततो."

"आम्ही पण ओततो, सार."

तो खूप हसला. पोरगा चांगला होता. म्हणाला, "काय गोड मराठी बोलता हो तुम्ही, जुनं, आजीसारखं." आता ही स्तुती की काय ते मला कळलं नाही, पण छाती फुगली. माझ्या मराठीला बरं म्हणणारा जन्मात पहिला माणूस. म्हैसुरात आलेले नवे मराठी लोक भेटतात, ते आमचं ऐकून गालात हसतात. आमची मुलगी तर आमच्याशी कन्नडातच बोलते. आणि हा पुण्याचा इंजिनियर म्हणतो गोड. मी त्याला आमचे पूर्वज सांगितले. छताच्या इडल्या सांगितल्या, राजाचा अंगरखाही सांगितला. सांगताना अंगरख्याला थोडी जास्तीची जर लावली.

"बरं दादा, लिहून घ्या," तो म्हणाला. "ऑफिस दहा. स्कॅनर एकोणऐंशी. गेस्ट नव्वद. स्विचवरचा प्रत्येक इडलीचा पोर्ट ट्रंक करा, म्हणजे एकाच वायरीतून तिन्ही जातील, आणि हे तीन नंबर अलाउ करा."

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरात आकडे कन्नडात चालतात. बस, भाजी, फोन नंबर, सगळं. मराठी आकडे उरले ते फक्त मापात, कारण अप्पा गिऱ्हाइकाभोवती टेप फिरवून मराठीत ओरडायचा आणि आई लिहून घ्यायची. छाती अडतीस, कंबर चौतीस. कंबर जिथं संपते तिथं माझी मराठी संपते. त्याच्यापुढं दहा-दहाचे गोल आकडे येतात, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, म्हाताऱ्यांच्या वयात ऐकलेले. मधली माणसं ओळखीची नाहीत.

तुम्ही म्हणाल, एकोणतीस, एकोणचाळीस तर मापात असतीलच की. होते. पण मला ते कंबर म्हणून माहीत होते, आकडा म्हणून नाही. एकोणतीस म्हटलं की डोळ्यापुढं एक बारीक माणूस यायचा, तिसात एक कमी असं काही यायचं नाही. तेव्हा एकोणऐंशी ऐकलं आणि मी मनात फोड केली. ऐंशी, आणि वर एक. एक्क्याऐंशीला वेगळा शब्द असतो हे आता कळलंय.

विचारता आलं असतं. "किती सार, इंग्लिशमध्ये सांगा." एका वाक्याचं काम. पण नुकताच ज्यानं माझ्या मराठीला गोड म्हटलं, ज्याला मी राजाचा अंगरखा दाखवला, त्याला कसं विचारायचं की मराठीत ऐंशीच्या आसपास काय असतं?

मी टाइप केलं, दहा, एक्क्याऐंशी, नव्वद. स्विचमध्ये एक्क्याऐंशी नंबर नव्हताच. मी म्हटलं कर, त्यानं केला. स्विचचं हे असं आहे, कधी विचारत नाही की बाबा नक्की का.

"घातलं का दादा?"

"घातलं."

"एकोणऐंशी?"

"एकोणऐंशी घातलं."

सगळ्या पोर्टांना तेच. शेवटी मी मोबाइल काढून टेस्ट केलं. व्हिडिओ लगेच चालला, न थांबता. कुठल्या वायफायवर चालला? गेस्टच्या. स्कॅनर हातात घेऊन बघायचं मला सुचलं नाही, ते कपाटात होते. जुने वायरवाले स्कॅनर मी सगळे काढले, वायरी नीट गुंडाळल्या आणि स्टोअरमध्ये जमा केले. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फॅक्टरी सुरू झाली. बायकांनी पहिला गठ्ठा संपवला, स्कॅन केला, बोर्डावर शून्य. दुसरा, शून्य. स्कॅनरवर वायफायच्या रेघा मात्र पूर्ण भरलेल्या. मॅनेजरच्या मोबाइलवर इंटरनेट पळत होतं, तेव्हा वायफायवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. आणि नवीन पद्धत अशी, की आधीच्या टेबलावर स्कॅन झाल्याशिवाय पुढचं टेबल गठ्ठा घेत नाही. सगळ्यात आधी तुंबली ती कॉलर.

मी शिडीवर होतो. शिडीवरून पूर्ण हॉल दिसतो. बायका शिवत होत्या, माल डोळ्यासमोर वाढत होता, टेबलांवरून खाली सांडायला लागला होता, आणि बोर्ड म्हणत होता की आज कुणी काहीच केलं नाही. लाइनीचा सुपरवायझर बोर्डाकडं बघून ओरडत होता, मालाकडं बघून नाही. एका म्हाताऱ्या बाईला तो म्हणाला, "सकाळपासून काय केलंस?" तिनं गठ्ठा उचलून त्याच्या तोंडापुढं धरला. तो म्हणाला, "बोर्डावर कुठाय?" माझी बायको मान खाली घालून कॉलर उलटवत होती. तिनं एकदा वर बघितलं, माझ्याकडं. 'झालं ना सगळं नीट?' असं ते बघणं होतं. मी वरून हात हलवला. अंगठा दाखवला.

मेंटेनन्सचा हेड म्हणाला जुने स्कॅनर काढा. स्टोअरकीपर एच. डी. कोटे गावी साडूच्या घरी कार्याला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. हेड माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "टेलर, तुझं काही चुकलं नाही ना?" मी म्हटलं, "सार, मी दोनदा बघितलंय." बघितलं होतंच. दोनदा एक्क्याऐंशी बघितलं होतं.

तो सरळ मॅनेजरकडं गेला आणि म्हणाला, आमच्या माणसाचं काम बरोबर आहे, मालच खराब आलाय. कंपनीला तसा कडक मेलही टाकला.

मी पुण्याला फोन लावला. तोंड नेहमीसारखं चालूच. म्हटलं, "सार, इडल्या फुगल्या नाहीत."

"दादा, स्कॅनर इडलीला जोडलेत, पण त्यांना पत्ता मिळत नाहीये. स्विचवर एकोणऐंशी नक्की आहे?"

"आहे."

"परत बघा."

"एकोणऐंशीच आहे, सार. समोर दिसतंय."

"फोटो पाठवा ना."

फोटो कसा पाठवणार? डिझाइन चोरीला जाऊ नये म्हणून गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. आम्ही असंच एकमेकांना एकोणऐंशी, एकोणऐंशी म्हणत राहिलो. त्याचं त्याला बरोबर, माझं मला. बाहेर हॉलमध्ये सुपरवायझरचा आवाज वाढत होता. शेवटी तो पोरगा म्हणाला, "दादा, शब्द नको. स्क्रीनवर जे आहे ते एकेक अक्षर इंग्रजीत वाचा."

"वन, झीरो. एट, वन. नाइन, झीरो."

तिकडं तो तेच आकडे पुटपुटला.

"दादा, एट वन म्हणजे?"

"एकोणऐंशी."

"एकोणऐंशी म्हणजे किती, दादा?"

"एक आणि ऐंशी."

त्यानं फोनवर हात ठेवला असावा. थोड्या वेळानं आला तेव्हा आवाज अगदी मऊ होता. म्हणाला, "एकोण म्हणजे एक उणं, दादा. एक कमी. सेव्हन नाइन."

मी म्हटलं, "असं कसं सार? ऐंशीचं नाव घ्यायचं आणि एक काढून घ्यायचा? शिंप्याच्या घरात कापताना एक जास्त धरतात."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बदला पटकन. मी रिपोर्टमध्ये 'सेटिंग दुरुस्त केलं' एवढंच लिहितो. कुणाचं ते लिहीत नाही."

बदललं. सगळ्या पोर्टांवर सत्तरावर नऊ. हॉलमध्ये स्कॅनर एकामागून एक टुंग टुंग वाजायला लागले, बोर्डावर आकडे धावले. बायकांना मात्र तुंबलेलं सगळं निपटायला थांबावं लागलं. बायको घरी आली तेव्हा उजवा हात डाव्या हातानं धरून आली, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. म्हणाली, "यंत्रंच खराब निघाली म्हणे. तुमचं काम बरोबर होतं, हेड सांगत होता." मी म्हटलं, "हां." जन्मात मी एवढं लहान वाक्य बोललो नव्हतो.

तेवढ्यावर राहिलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला तोंड नसतं, पण कार्ड असतं.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळे गप्प. कालच्या ओरड्यानं बायकांची तोंडं उतरलेली. त्या म्हाताऱ्या बाईनं पुढ्यातल्या चहाला हात लावला नव्हता, टेबलावर नुसती बसली होती. मला असं गप्प कँटीन सहन होत नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकीला काल माझ्यामुळं बोलणी बसली होती, आणि माझ्याकडं द्यायला होतं काय? एक गोष्ट होती, आणि ती चांगली होती. मी उभा राहिलो.

कन्नडात सांगितली. दोन्ही आवाज काढून. पुण्याचा साहेब नाकातून, आणि मी आपल्या नेहमीच्या मूर्खपणातून. "एकोणऐंशी? घातलं. घातलं का? घातलं की." मग मराठी लोक एकोणऐंशी म्हणतात तेव्हा एक काढून घेतात हे समजावलं. कटिंग मास्टरच्या नाकातून चहा आला. ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, डोळे पुसले, आणि कप जवळ ओढला. मी अंगठा दाखवल्याचंही सांगितलं, शिडीवर चढून दाखवतात तसं बाकावर चढून. हसून हसून लोक टेबलं वाजवत होते.

दोन माणसं हसत नव्हती. एक मेंटेनन्सचा हेड. तो आधी हसला, मग त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे वेगळेच झाले. त्यानं मॅनेजरला दिलेला शब्द आणि कंपनीला टाकलेला मेल त्याला आठवला असणार. तो माझ्या जवळून गेला, थांबला, म्हणाला, "मी खोटं बोललो नव्हतो, टेलर. तू मला खोटा केलास." आणि जाऊन स्वतःच मॅनेजरला सांगितलं. दुसरं काय करणार बिचारा.

दुसरी माझी बायको. बायकांच्या टेबलावर, अर्धी पाठ माझ्याकडं. माझा पहिला 'घातलं' ऐकला तेव्हाच तिनं डबा बंद केला होता. झाकण उजव्या हातानं लागेना, शेजारणीनं दाबून दिलं.

मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही. कागद पुढं सरकवला, म्हणाला, "एप्पत्तोंबत्तु लिही." मी लिहिलं, सात आणि नऊ. कन्नडातला तो आकडा मला झोपेतही येतो.

"येतं की मग," तो म्हणाला. "रविवारी का नाही आलं?"

"सार, तो मराठीत बोलत होता."

"तू कन्नडात विचारायचं, इंग्लिशमध्ये विचारायचं. मराठीत का ऐकलंस?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या भाषेला कुणीतरी गोड म्हटलं आणि मला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं, हे मॅनेजरला कुठल्या भाषेत सांगायचं? मी म्हटलं, "चुकलं, सार."

"चुकतात सगळे," तो म्हणाला. "पण ज्या चुकीनं सगळ्या बायका अडकून बसल्या, ती तू बाकावर चढून दाखवतोस. कायमच्या जागेवर मी डिप्लोमावाला घेतो. तुला वायर लागली की बोलावू. स्विचला हात लावायचा नाही."

बाहेर आलो. तट्टे इडल्या छताला ओळीनं चिकटलेल्या, प्रत्येकीचा हिरवा दिवा लागलेला. खाली कॉलरची लाइन. मशीनचा आवाज इतका एकसारखा येतो तिथं, की थोड्या वेळानं ऐकूच येत नाही. मी शिडी घडी करून मेंटेनन्सच्या खोलीत ठेवली. तिथून गेटपर्यंत मला एकही विनोद सुचला नाही. विनोद नसलेला मी म्हणजे काय असतो, ते तेवढ्या वाटेत मला दिसलं. काही नसतो. गेटवर वॉचमननं कॅमेऱ्यावरचं स्टिकर काढून दिलं, म्हणाला, "काय टेलर, आज लवकर?" मी मोबाइल खिशात टाकला.

पेठेतून तसाच फिरलो. अप्पाचं दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्या दुकानासमोर उभा राहून मला वाटलं, अप्पा असता तर त्याला काय सांगितलं असतं? त्याच्या सुनेच्या खांद्याला मी काय लावलं? आणखी वर्षानुवर्षं लावली. किती ते मोजत नाही, माझ्या मोजण्याचं काय झालं ते सांगितलंच. मुलीच्या गोळ्या थांबणार नाहीत, ते एक. पण त्या गोळ्या तिच्या आईच्या हाडांतून येणार, रोज, आणि माझ्या हातून त्यात कधी काही बदलेल असं आता वाटत नाही. हे वय नवीन काही शिकायचं नाही, आणि जुनं मी काय शिकलो ते बघितलं सगळ्यांनी.

घरी गेलो तेव्हा दिवा लागला होता. मुलगी कन्नडात धडा वाचत होती. बायको चटईवर, खांद्याखाली गरम मिठाची पुरचुंडी. मला सांगावं लागलं नाही. तिच्या लाइनीत बातमी माझ्या आधी पोचली होती. मी तिच्या चटईच्या कडेला टेकलो. वाटलं, खांदा दाबून द्यावा. वाटलं, माफी मागावी. यातलं काही करायच्या आधी तोंड उघडलं, आणि काय निघालं तर मॅनेजरचा आवाज. नाकपुडी वर करून, चष्मा सावरून, "मराठीत का ऐकलंस?"

मुलगी खुदकन हसली. आईकडं बघितलं आणि पुस्तकात तोंड घातलं.

मी म्हटलं, "येत्या रविवारी जाऊ या तलकाडला. वाळू रविवारी पण असतेच की."

तिनं पुरचुंडी थोडी वर सरकवली. डोळे मिटलेले. म्हणाली, "सरका तिकडं. सकाळी कामाला मला जायचंय, तुम्हाला नाही."